अंबड रस्त्यावरची तापणारी मोटार

संपादकांचं पत्र आलं, "तुम्ही निजामाच्या राज्यात मोटार चालवलीत. वाघ, दरोडेखोर, गोदावरीचा पूर, असं काही थरारक लिहून पाठवा." वाघ मला कधी दिसला नाही. एकदा तरस दिसलं होतं, पण भोंगा वाजवल्यावर ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलं. दरोडेखोरांना आमच्या मोटारीत लुटण्यासारखं काही सापडलं नसतं. जालना-अंबड-शहागड या रस्त्यावर मी चौदा वर्षं सर्व्हिस मोटार हाकली. त्या चौदा वर्षांतला सगळ्यात मोठा पेच विचाराल तर तो लघवीचा होता. दिवाळी अंकात हा विषय चालेल की नाही, ते संपादकांनी बघावं. सत्तरी ओलांडल्यापासून तो माझ्या घरचाच झालाय, तेव्हा मला लाजायचं कारण उरलेलं नाही.

आधी मोटारीबद्दल सांगतो, कारण आजच्या मुलांना ती डोळ्यांपुढे येणार नाही. पत्र्याचं छत, आत दोन्ही अंगांना लाकडी बाकं, पुढे ड्रायव्हरशेजारी बायकांसाठी एक सीट. माणसं वीस बसवायची म्हणून लिहिलेलं, बसायची तीस. बटण दाबून चालू होणारी ती गाडी नव्हती. पुढं जाऊन लोखंडी हँडल फिरवायचं, आणि इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. माझं एकदा मोडलंय. चढ लागला की रेडिएटरचं पाणी उकळायचं. मग थांबून, झाकणावर फडकं टाकून, तोंड बाजूला करून ते उघडायचं आणि डब्यातलं पाणी ओतायचं. आज एसटी शहागडला दीड तासात जाते. आम्हाला चार तास लागायचे आणि आम्ही स्वतःला जलद म्हणवायचो.

माझ्याबरोबर क्लीनर म्हणून कादरभाई असायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, मेंदी लावलेली दाढी, आणि मोटारीवर स्वतःच्या म्हशीसारखी माया. मालक म्हणजे आमचे शेठ, मूळचे मारवाडचे, पण चार पिढ्या जालन्यात. त्यांचा एकच हुकूम होता, अंबडशिवाय मोटार मध्ये कुठं उभी करायची नाही. "ही मोटार हाय नारायण, टांगा न्हाई. ज्याला त्याला पायजे तिथं थांबायला लागली तर शहागडला सूर्य बुडंल."

मी तेव्हा बावीस वर्षांचा. अंगात खाकी कोट, आणि साऱ्या रस्त्यावर मोटार येते ती माझीच. मला तो हुकूम फार आवडायचा. माणसांना नाही म्हणण्यात एक रुबाब असतो, तो त्या वयात लवकर कळतो.

गणपतराव पाटील हे अंबडच्या अलीकडच्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं तिथं आहेत. वय साठीच्या आसपास, मोठा फेटा, पांढऱ्या मिशा, आवाज असा की बैल जागच्या जागी थांबावा. कचेरीच्या कामाला जालन्याला येत आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत जात. एक दिवस मोटार जालन्याबाहेर पडून दीड कोस गेली नसेल, तर मागून त्यांचा आवाज आला, "डायवर, जरा उभी कर."

मी मागं न बघता म्हणालो, "आत्ताच तर बसलात पाटील. अंबडला थांबंल."

थोड्या वेळानं परत, "अरे लेकरा, दोन मिनिटं."

आवाज या वेळी एवढासा होता. मला ते कळायला हवं होतं. मी म्हणालो, "पाटील, तुम्हाला लागली म्हणून मोटार थांबवली तर मंग समद्यांनाच लागंल!" सगळी मोटार हसली. मला फारच बरं वाटलं. पुढं एका नाल्यात चाक आदळलं, आणि मग मागचं हसणं हळूहळू बंद होत गेलं. पाटील उठून उभे राहिले आणि छताला काठी आपटत म्हणाले, "थांबव." मी थांबवली. ते रानात उतरले. धोतर पुढून ओलं होतं. त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही, फेटा सारखा केला आणि पायवाटेनं चालू लागले. तिथून त्यांचं गाव तीन कोस होतं.

ही गोष्ट मी पुढचा महिनाभर हॉटेलात बसून रंगवून सांगत होतो. लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय.

जालन्याच्या एका दवाखान्यात मार्थाबाई नावाच्या नर्स होत्या. बाळंतपणं करायला गावोगाव जायच्या, त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा माझ्या शेजारच्या सीटवर असायच्या. ठेंगणी मूर्ती, पांढरं पातळ, मांडीवर चामड्याची बॅग. बोलायला लागल्या की मोटारीचा आवाज कमी वाटायचा. त्यांनाही मी ती गोष्ट सांगितली. पाटलांचा आवाज काढून सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नारायणराव, पाणक्याची कातड्याची पखाल पाहिलीय ना?"

"न पाहायला काय झालं?"

"आपल्या पोटात लघवीची तशी एक पिशवी असते. खाली तोंड, तोंडाला आवळलेली दोरी. भरत आली की पिशवी निरोप पाठवते, आपण सोयीनं जाऊन दोरी सोडतो. हे सगळं बरं चाललेलं असतं तोवर माणसाला आपल्याला पिशवी आहे याचाही पत्ता नसतो. आता ती बिघडते कशी बघा. बायकांची बाळंतपणं झाली की दोरी सैल पडते. खोकला आला, शिंक आली, तुमच्या मोटारीचा हिसका बसला की थोडं सांडतं. कुणाची दोरी चांगली असते, पण पिशवीच उतावळी. पावही भरलेली नसते, तरी आवळायला लागते. त्या माणसाला घडीभराचीही सवड मिळत नाही. पाण्याचा आवाज ऐकला, घराचं दार दिसलं, की आलीच. आणि म्हाताऱ्या पुरुषांना पिशवीच्या तोंडाशी गाठ सुजते. मग ती पुरती रिकामीच होत नाही. आत्ता जाऊन आला तरी अर्धी भरलेली, म्हणून लगेच परत जावं लागतं. तुम्ही त्यांना म्हणालात, आत्ताच तर बसलात. त्यांचं दुखणंच ते होतं."

शहागडच्या उतारावर गोदावरीचं पाणी दिसायला लागलं की एक कापडव्यापारी दरवेळी मोटार थांबायच्या आत उडी मारून पळायचा, त्याला आम्ही घाईवाला म्हणायचो. मला आता तोही दिसला. आदळआपट झाली की एकदम गप्प होणाऱ्या, उतरताना पदर मागं ओढून घेणाऱ्या कितीतरी बायका दिसल्या. मी आरशात त्यांना रोज पाहत होतो, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

"बाई, आता काय करू?" मी विचारलं.

"शुक्रवारी मोटार बंद असते ना तुमची? मला त्यांच्याच गावात एक बाळंतीण बघायची आहे. चला."

शुक्रवारी आम्ही छकड्यातून गेलो. बाई बाळंतिणीकडं गेल्या, आणि तिथून पाटलीणबाईंनी बोलावलं म्हणून पाटलांच्याच घरात मागच्या दारानं गेल्या. मी पुढं ओट्यावर.

पाटील सुतळी वळत बसले होते. मला पाहून हात थांबला. "डायवर? मोटार इकडं कशी काय आली?"

"मोटार न्हाई आली पाटील. मी आलो. त्या दिवशी माझं चुकलं. माफी मागायला..."

"हळू बोल!" त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. "घरात कुणालाबी ठाव न्हाई. पाण्याचा डबा सांडला म्हणून सांगितलंय मी. आमच्या मंडळीला कळलं तर काय तोंड दाखवू?"

मग मी त्यांना पखालीचं सगळं सांगितलं, बाईंनी सांगितलं तसंच, हळू आवाजात. पाटील ऐकत होते, सुतळीचा पीळ बोटातून सुटत चालला होता.

"म्हंजी हे म्हातारपण न्हाई?"

"बाई म्हणतात दुखणं हाय. डॉक्टरला दाखवा म्हणतात."

"डॉक्टरसमोर धोतर सोडू? या वयात?"

"त्या दिवशी तीस जणांसमोर..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली. पाटलांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मला वाटलं आता काठी येते. पण मिशी हलली, खांदे हलले, आणि ते हसायला लागले. आवाज आत जाऊ नये म्हणून फेट्याचं टोक तोंडात धरून हसले.

"येतो," ते म्हणाले. "पर तुझ्या मोटारीतून येतो, आन् मी खाकरलो की ती उभी राह्यली पायजे."

"शेठचा हुकूम हाय पाटील."

"मंग काय करतो?"

मी थोडा विचार केला. "मोटार तापली म्हणीन."

परत जाताना छकड्यात मार्थाबाईंचा चेहरा काहीतरी विचित्र झाला होता. हसू दाबून धरावं तसा. मी विचारलं तर म्हणाल्या, "कुणाच्या पोटातलं गुपित बाहेर काढायचं नाही, असा आमचा धंदा आहे."

तर त्या दिवसापासून मोटार तापायला लागली. कुणी खाकरलं, कुणा बाईनं पुढच्या सीटवरून माझ्याकडं नुसतं पाहिलं, की मी नाल्याजवळ, झाडी बघून मोटार उभी करायचो. कादरभाई बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि माझ्या मोटारीला काय झालं म्हणून मनापासून शोधायचे. त्यांना मी पंधरा दिवसांनी खरं सांगितलं. "अरे भई, पहले बोलते!" ते म्हणाले. "मैं बेचारी को रोज खोल रहा हूँ!"

पाटील जालन्याला आले. डॉक्टरांनी त्यांची लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली, रंग बदलला नाही म्हणजे साखर नाही म्हणाले. तपासलं, गाठ सुजलीय म्हणाले. एकदा जाऊन आलं की घाई न करता थोडं थांबून परत जायचं, निघायच्या आधी चहा टाळायचा, आणि कधी पूर्णच तुंबली तर घटकाभरही वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पुढंमागं हैदराबादला ऑपरेशन करावं लागेल हेही सांगितलं. ते त्यांनी दोन वर्षांनी केलं आणि त्यानंतर बरीच वर्षं सुखानं जगले.

शेठपर्यंत मोटारीची तक्रार गेलीच. त्यांनी मला गादीसमोर उभं केलं. "नारायण, दुसऱ्या कुणाची मोटार इतकी तापत न्हाई. पाणी घालतो का न्हाई बराबर?"

खोटं फार दिवस निभणार नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं आणि नोकरी गेली असं समजून खाली बघत उभा राहिलो. शेठनी वही मिटली. मग उठले, दार लोटून आले. "पुढच्या महिन्यात माँसाबला, माझ्या आईला, शहागडला घेऊन जायचं हाय, गोदागंगेच्या स्नानाला. चार साल झाले, न्हाईच म्हणून राह्यली. आता समजलं का न्हाई म्हणते." आणि आवाज आणखी खाली आणून, "तेव्हा बी बराबर तापू दे."

चैत्रात पाटलांनी मोटार खास जांबला ठरवली. पाटलीणबाईंचं माहेर जांब समर्थ. रामनवमीचा उत्सव, आणि त्याहून मोठं म्हणजे त्यांची म्हातारी आई. ऐंशीच्या घरात, थकलेली, लेकीला बघायचंय म्हणून दोनदा निरोप आलेला. पाटलीणबाई सात वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. पाटीलही कधी चल म्हणाले नव्हते. आई तिकडं समजून बसली होती की लेक कशावरून तरी रुसलीय. या वेळी मार्थाबाई बरोबर येते म्हणाल्या तेव्हा पाटलीणबाई निघाल्या.

अंबडहून जांबकडं मोटारीचा रस्ताच नव्हता, गाडीवाट होती. बारा-तेरा कोस. निघायच्या आधी पाटलांनी मला गोठ्यामागं नेलं. "दर कोस-दीड कोसाला तापू दे. आन् मंडळीला कळता कामा न्हाई." मी बराबर म्हणालो. हँडलपाशी आलो तर मार्थाबाई उभ्या. "नारायणराव, दर कोस-दीड कोसाला थांबायचं. पाटलीणबाईंसाठी. पाटलांना कळू द्यायचं नाही." त्यांनी ओठ घट्ट मिटले. ते छकड्यातलं हसू कशाचं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

पहिल्यांदा मोटार तापली तेव्हा पाटील "पाय मोकळे करून येतो" म्हणून डाव्या हाताच्या बाभळींत गेले. पाटलीणबाई "वारा घेते" म्हणून उजवीकडं, मार्थाबाई आडोशाला लुगडं धरून. दुसऱ्यांदा तसंच. दोघंही परत आल्यावर मोटारीवर चिडल्याचं नाटक करत होते. पाटील म्हणाले, "काय ही मोटार!" पाटलीणबाई म्हणाल्या, "बैलगाडी बरी!" आणि दोघांचेही चेहरे कसे समाधानी दिसत होते. मुलं-सुना मागं बसलेल्या, त्यांना काही पत्ता नाही. तिसऱ्यांदा थांबलो तिथं माळ होता. आडोशाला एकच करवंदाची जाळी.

पाटील या बाजूनं गेले, पाटलीणबाई त्या बाजूनं. मी आणि कादरभाईंनी पाठ फिरवून बॉनेटमध्ये डोकी घातली. तेवढ्यात जाळीमागून आवाज आला.

"अवो! तुमी हितं कशाला?"

"तू कशाला आलीस?"

"वारा घ्यायला."

"जाळीत?"

मी डोकं वर काढलं. मार्थाबाई हातात लुगडं धरून आभाळाकडं बघत उभ्या होत्या. मग पाटलीणबाईंचं हसू ऐकू आलं, आधी दबकं, मग मोकळं, आणि त्यात पाटलांचं मिसळलं. दोघं परत आली तेव्हा पाटील पुढं न चालता बरोबरीनं चालत होते.

"सात वर्षं गुडघ्याचं सोंग केलं हिनं," ते मला म्हणाले, आता आवाज मोठा होता. "आन् मी खूश! म्हटलं बरं झालं, जांबला जायचं टळलं."

पाटलीणबाई बाकीच्या वाटेत पुढच्या सीटवर बसून बोलतच होत्या. सहा बाळंतपणं झालेली. खोकला आला की सांडायचं, आणि वर पिशवीही उतावळी. भीतीनं त्यांनी पाणी पिणंच सोडलेलं, दिवसाला दोन पेले. बाईंनी त्या शुक्रवारीच सांगितलं होतं की त्यानं उलट होतं; लघवी जहाल होते आणि पिशवी आणखी आक्रसते. दवाखान्यातल्या मोठ्या नर्सनी बाळंतिणींना शिकवलेली एक युक्ती त्यांनी शिकवली. धार मधेच रोखताना जे आवळतो ते आवळायचं, दहा अंक मोजायचे, सोडायचं. दिवसातून पुष्कळ वेळा, बसल्या जागी, कुणाला कळतही नाही. आणि एकदम लागली की पळायचं नाही. उभं राहायचं, आवळून धरायचं, ती लाट ओसरू द्यायची, मग सावकाश जायचं. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून हिशोब जात्यावर. शेरभर ज्वारी दळून झाली की जायचं. पंधरा दिवसांनी दीड शेर.

"आता दोन शेरावर आले," पाटलीणबाई म्हणाल्या. एखाद्या पोरानं परीक्षेचा निकाल सांगावा तसं.

"मंग कोस-दीड कोसाला कशाला थांबतो आपण?" मी विचारलं.

"भीती अजून शेराचीच हाय रे बाबा."

जांबला पोचलो तेव्हा देवळातला रामजन्म होऊन गेला होता, गावात सुंठवडा वाटला जात होता. पाटलीणबाईंची आई ओसरीत बाजेवर बसली होती. अंग वाळलेलं, नजर बरी, कानानं बहिरी. लेक पाया पडली तर तिनं पाय ओढून घेतले.

"आली का? सात वर्षांनी? काय घोडं मारलं व्हतं आमी तुझं?"

पाटलीणबाईंनी कानाशी लागून काहीतरी सांगितलं.

"काय?"

परत सांगितलं.

"मोठ्यानं बोल गं!"

पाटलीणबाईंनी एकदा ओट्यावरच्या आम्हा सगळ्यांकडं पाहिलं, भाऊ, भावजया, मुलं, सुना, मी, कादरभाई. मग डोळे मिटून ओरडल्या, "लघवी थांबत न्हाई, माय! म्हणून आले न्हाई!"

म्हातारीनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि लेकीकडं बघत राहिली. मग तिचा हात धरून बाजेवर बसवलं.

"मंग मी का आले न्हाई तुझ्याकडं, ते इचारलं का कधी?" ती म्हणाली. "तुझ्या पोरांची लग्नं झाली. गाड्या भरून समदे गेल्ते. मी गेल्ते का? मला वाटलं, हे माझ्याच वाट्याला आलं."

पाटलीणबाई रडायला लागल्या आणि म्हातारी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मार्थाबाई बॅग घेऊन पुढं झाल्या.

"ही कोण?"

"ही बघती हे दुखणं, माय. दोन शेरावर आणलं हिनं मला."

"मंग उभी का? आत चल बाई," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच बाजेवरून उतरली. त्या आत दोन तास होत्या. बाहेर पाटलांनी आम्हाला सुंठवडा दिला आणि स्वतःही खाल्ला.

दोन दिवसांनी परत निघालो तेव्हा आजी आमच्याबरोबर होत्या, लेकीकडं महिनाभर राहायला. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसलेल्या. माझ्या शेजारच्या सीटवर, दोन्ही हातांनी दार धरून. घनसावंगी येईस्तोवर त्यांनी मला चार वेळा थांबवलं, आणि चारही वेळा मार्थाबाई बरोबर उतरल्या. पाचव्यांदा थांबवलं तेव्हा मी उतरून दार उघडलं. आजी खाली आल्या, पण बाभळींकडं गेल्या नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून आलो तिकडं पाहिलं, जायचं होतं तिकडं पाहिलं, दूरवर पसरलेलं कापणी झालेलं रान पाहिलं.

"आजी, जाऊन या लवकर," मी म्हणालो.

"लागली न्हाई रे लेकरा," त्या म्हणाल्या. "नुसतं उतरून बघावं वाटलं."